फांदीखालची परात

प्रिय टिटवे,

गेले एकोणीस दिवस तुझा बाप चहा चोथ्यासकट पितो आहे, हे मी अत्यंत जबाबदारीने नमूद करतो. वाळू चाळायला पिठाची चाळण मागितली, तर तुझ्या आईने साफ नकार दिला. "विज्ञान गेलं खड्ड्यात, माझ्या चाळणीला हात लावायचा नाही," म्हणाली, आणि चहाची गाळणी मात्र उदार मनाने देऊन टाकली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दोन पराती वाळू त्या गाळणीतून गाळतो. एका परातीला पाऊण तास. मग दातांतली चहाची पत्ती जिभेने काढत, खारींनी मागे ठेवलेल्या बिया मोजतो. माणसाने छप्पन्नाव्या वर्षी कुठवर पोचावं, याला काही सुमार?

तुझं पत्र परवा मिळालं. बाकीच्या अकरा गच्च्यांचे आकडे वाकडेतिकडे आणि आपल्याच गच्चीचे पुस्तकातून उतरवल्यासारखे सरळ, म्हणून तुझ्या मार्गदर्शक बाईंना शंका आली. एका गच्चीवर शंका म्हणजे सगळ्यांवर शंका, म्हणजे महिनाअखेरीला द्यायचा प्रबंध आणि दोन वर्षांचं काम पाण्यात. तू त्यांना छातीठोकपणे सांगितलंस, माझा बाबा बोलेल वाकडं, पण लिहील खरं. आणि मला एवढंच विचारलंस, मोजलेत तसेच लिहिलेत ना? उत्तर देतो. जरा फिरून येतो, ही आमच्या विनोदी लेख पाडण्याच्या धंद्यातली खोड.

तू जाताना समजावलं होतंस, एकेका परातीत वाळू आणि त्यात पन्नास बिया. सुरुवातीला बिया पटापट सापडतात, मग एकेकीसाठी उकरत बसावं लागतं. कुठे थांबायचं ते खार ठरवते, आणि ते नुसत्या भुकेवर ठरत नाही, भीतीवर ठरतं. फांदीखालच्या परातीतून दोन उड्यांत झाडावर पळता येतं, म्हणून तिथे थोड्याच उरतील. गच्चीच्या मधोमध, उघड्यावर, जास्त. मी मान डोलावली आणि सावलीची जागा बघून, फांदीखालीच, खुर्ची टाकली.

दुपारी तिथे बसलं की गच्ची हळूहळू विरघळायला लागते. ऊन पांढरं होतं, टाकीतल्या पाण्याचा आवाज लांबून आल्यासारखा येतो, आणि वाळूची परात बघता बघता किनाऱ्याएवढी होते. त्या किनाऱ्यावर खार येते. दोन पंजांनी उकरते, एक बी उचलते, आणि सोलता सोलता थांबून मान वर करते. पुन्हा उकरते, पुन्हा मान वर. मला अर्धवट झोपेत वाटायचं, आपण खुर्चीत नाहीच, आपण वर कुठेतरी तरंगतोय आणि आपली सावली त्या वाळूवरून सरकतेय. तू म्हणाली होतीस, मान वर केली की तेवढा घास गेला. मी ते ऐकलं होतं. कळलं नव्हतं.

तर आकडे. पहिल्या दिवशी फांदीखाली अडतीस उरल्या, उघड्यावर चौदा. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस आणि अकरा. म्हणजे सगळं उलटं! मला वाटलं, पोरीचं शास्त्र आपल्या घरच्या खारींनी तोंडघशी पाडलं. जगभरच्या खारी नियमाने वागतात आणि आमच्याच मेल्या अडाणी. म्हणून मी दोन्ही रकान्यांची अदलाबदल करून तुला पाठवत राहिलो. फक्त दोन गुरुवारी बदल करावा लागला नाही. पहिल्या गुरुवारी फांदीखाली सहाच होत्या, पुढच्या गुरुवारी चार. झालं, टिटवे, सांगून टाकलं. मोजले तसे नाही लिहिले.

तुझं पत्र आल्यावर मी खरे आकडे मांडून बसलो होतो आणि तुझी आई शेजारी शेंगा सोलत होती. गुरुवारीच खारींना शहाणपण कुठून सुचतं, असं मी म्हटलं. ती वर न बघता म्हणाली, "अहो, गुरुवारी तुम्ही छापखान्यात असता." मी म्हटलं, मी त्यांना काय करतो? नुसता बसतो, फार तर लेख मोठ्यानं वाचतो, एखादा शेरा मारतो. "तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "तुमचा आवाज आला की घास अडकतो. पोरीचंही तेच व्हायचं. गुरुवारी ताट लख्ख असायचं तिचं." आणि सालं गोळा करून आत गेली.

तू आठ-नऊ वर्षांची होतीस. जेवताना मी तुझ्या ताटाचं धावतं वर्णन करायचो. महाराणींनी आज तीन वाटाणे ग्रहण केले, चौथ्यावर विचारविनिमय चालू आहे. पाहुणे पोट धरून हसायचे. मग मी त्यावर लेखच पाडला. लोकांची पत्रं आली आणि तुमच्या शाळेतल्या बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. त्यानंतर तू प्रत्येक घासाला मान वर करून माझ्याकडे बघायचीस. मला वाटायचं, पोरगी दाद देतेय.

तुझ्या मार्गदर्शक बाईंना काल पत्र टाकलं. चूक माझी आहे, तुमच्या विद्यार्थिनीला माहीत नव्हती, खुर्ची कुठे होती, गुरुवारी काय झालं. चार ओळी, एकही विनोद नाही. तीनदा लिहावं लागलं, सवय नाही ना. खुर्चीतल्या माझी भीती हिशेबात धरली तर आकडे तुझ्याच बाजूने बोलतात, हे त्यांना माझ्याआधी कळेल. खरे आकडे मी लेखांच्या कागदांवर पाठीमागे टिपले होते, ते कागद तसेच सोबत जोडतोय. पुढची बाजू वाचू नकोस.

एवढ्यासाठी खरं तर चार ओळी तुलाही पुरल्या असत्या. पण माझ्या निवडक लेखांचं पुस्तक छापायला चाललंय, आणि तुझ्या ताटाचा लेख त्यात पहिला होता. आज सकाळी जाऊन तो काढून घेतला. प्रकाशक हळहळला, म्हणाला, लोक तोच तर वाचायला घेतील. का काढताय, विचारलं त्याने. सांगितलं नाही. लिहिताना तुला विचारलं नव्हतं, काढतानाही विचारलं नाही, तेवढं चालवून घे. चुकलं माझं, टिटवे.

तुझाच,
बाबा