एका बाहीचा कोट

तीर्थस्वरूप मामास,

वाकून नमस्कार. शिडीवरून पडल्यापासून तुझी कंबर कशी आहे? (ती शिडी आली कुठून, हे कोडं आईला अजून उलगडलेलं नाही.) आम्ही सगळे तब्येतीने उत्तम आहोत. बाकी काहीच उत्तम नाही.

निकालाच्या दिवशी तू मला इंग्रजी वाक्प्रचारांचं जाडजूड पुस्तक दिलंस आणि म्हणालास, "घरातली पहिली पदवीधर तू! आता अन्यायाला सोडू नकोस." नाही सोडला. त्या पुस्तकात 'ऑल गन्स ब्लेझिंग' असा एक वाक्प्रचार आहे. अर्थ: हातचं काही न राखता, सगळ्या तोफा डागत तुटून पडणं. उपयोग दिलेला नव्हता, तो मी केला.

झालं काय, जागामालक बाबांना टेलरिंगचं दुकान खाली करायला सांगत होते आणि बाबा "बघू, बोलू" यापुढे जाईनात. परवा मी दुकानात शिरले, तर समोर साक्षात जागामालक, नव्या कोटाच्या ट्रायलला उभे! एक बाही अंगात, दुसरी टेबलावर. मी दारातूनच सुरू केलं. श्रमाची प्रतिष्ठा काढली, माणुसकी काढली, तिथून थेट त्यांच्या गळक्या छतावर घसरले. (मधला थोडा भाग इंग्रजीत होता. तो मला स्वतःला फार आवडला.) बाबा हात हलवत "उं! उं!" करत होते. मला वाटलं, शाबासकी. मी आवाज आणखी चढवला. मामा, बाबांच्या तोंडात टाचण्या होत्या! ट्रायल घेताना ते त्या ओठांतच धरतात, हे मी जन्मापासून पाहतेय. पण आवेशात कुठलं भान?

टाचण्या काढून बाबा म्हणाले, "अगं बये, दुकान राहू दे म्हणून यांनी आत्ताच कबूल केलं होतं!"

"केलं होतं," जागामालक म्हणाले. "आता नाही." आणि एका बाहीच्या कोटात तरातरा निघून गेले.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही आणि बाबा उरलेल्या बाहीशीच बोलतात.

तुझी लाडकी (अजून असेन तर) भाची

ता. क. आत्ताच जागामालक बाही बसवून घ्यायला आले. माझा तोफखाना त्यांच्या मनात भरलाय म्हणे! दुकान राहील. अट एकच: त्यांची वस्तू नेऊन दडपून बसलेल्या एका माणसावर मी असंच तुटून पडायचं.

आणखी ता. क. मामा, त्यांची शिडी परत कर. सध्या मराठीत सांगतेय.