बनुबाईंच्या डोळ्यातला ठिपका

२ डिसेंबर
नगरला आले. पंचेचाळिसाव्या वर्षी नवं गाव, नवी नोकरी. खोलीला पूर्वेची खिडकी आहे. घरमालकीण माधुरीताईंनी पहिल्याच सकाळी वाटीभर शेंगदाण्याची चटणी आणून दिली. स्कॅन सेंटरमधलं काम मनासारखं आहे. म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूचे सीटी आणि एमआरआय शेजारी लावून पाहायचे, स्कॅनआधी फॉर्म भरून घ्यायचा. सीटी काही मिनिटांत होतो; ताजा रक्तस्राव, मोडलेलं हाड लगेच दिसतं. एमआरआयला अर्धा तास चुंबकाच्या नळीत न हलता पडावं लागतं, पण विसरण्याचं कारण त्यात जास्त नीट कळतं. हे समजावत होते तर एका आजोबांनी विचारलं, बायको मला का बोलती ते कशात दिसंल? सगळे हसलो.

९ डिसेंबर
पाथर्डीच्या बनुबाई, वय बहात्तर. चाळीस वर्षं ऊसतोड केली. आता सुनेचं नाव विसरतात. सीटीत डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, वयानं चुना साठतो, जयमालाताई, एमआरआय घ्या. फॉर्ममधला प्रश्न विचारला : कधी लेथवर, वेल्डिंगवर काम केलंय? मुलगा गोरक्ष हसला. म्हणाला, म्हातारीनं कोयत्याबिगर काय धरलंच न्हाई. मी ‘नाही’वर खूण केली.

१० डिसेंबर
काल पुढचं लिहवलं नाही. अर्ध्या तासानं बनुबाईंना बाहेर काढलं तर डावा डोळा रक्तानं भरलेला. कोयत्याला धार लावायला कानस मारताना कधीतरी उडालेला लोखंडाचा कण होता तो; चुंबकानं खेचला. एवढं दुखत होतं तर हाक का मारली नाही, विचारलं. म्हणाल्या, तूच म्हन्लीस ना बाई, हलू नगं.
डोळा गेला. गोरक्षच माझी माफी मागत होता. डॉक्टर म्हणाले, फॉर्म बरोबर आहे, आपण सुटलो. फॉर्म बरोबरच आहे. ठिपका मी पाहिला होता आणि गप्प बसले होते.

१८ डिसेंबर
कोपरगावच्या एका आजोबांच्या सीटीत तोच ठिपका. तोच डोळा, तीच जागा. एमआरआय थांबवला. डॉक्टरांना ठिपका दिसत नाही.

२२ डिसेंबर
आज पाच पेशंट. पाचही जणांना तोच ठिपका. त्यांतले दोघे शिक्षक, एक शिंपी. ठिपका रोज थोडा आत सरकलेला असतो, मेंदूच्या बाजूला. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, ताई, आधी तुमचाच स्कॅन काढायला हवा. हसले सगळे. मला अपराधाची बोच दिसत असेल. असेलही. पण नसेल तर?

२४ डिसेंबर
गीताबाई नावाच्या पेशंटना एमआरआय न करता दुसऱ्यांदा परत पाठवलं. त्यांचे पती उत्तमराव रडकुंडीला आले. म्हणाले, ती मला रोज परका समजते हो, कशानं ते तरी कळू द्या. माझी चूक असेल तर मी यांचा छळ करतेय. नसेल तर —
संध्याकाळी स्वतःचा सीटी करून घेतला. ठिपका आहे. मलाच दिसतो.

२६ डिसेंबर
गीताबाईंच्या आधी मी नळीत जाणार. काही झालं नाही तर माझी चूक. त्यांना बिनघोर आत सोडीन. डॉक्टर म्हणाले, जा, एकदाची खात्री करून घ्या.
घड्याळ काढलं. पिना काढल्या. पेन शेवटी ठेवीन.
मशीनच्या खोलीचं दार बंद आहे अजून. मी त्याच्याकडे पाठ करून बसलेय — उजव्या डोळ्याला ही वही दिसतेय — डावा — डावा मागे वळ