ताटावरचं नाव

रविवार, २ नोव्हेंबर २०२५, जयपूर

आज आलेलं सामान: गादी-उशी, घरचीच. टेम्पोभाडं ३५०. बादली १३०. मेणबत्त्या, अगरबत्ती ६०. अर्थशास्त्राचं जुनं पुस्तक ४०. पातेली दोन, बुद्धमूर्ती, पांढरी साडी — घरची. एकूण ५८०.

टेम्पोवाल्याने विचारलं, "बेटी को छोड़ने आई हो?" मी हो म्हटलं. मीच राहायला आलेय हे सांगायला जीभ वळली नाही. वय सत्तेचाळीस.

रेल्वेचं क्वार्टर काल सोडलं. यांची बदली भुसावळला. मोठं सामान शुक्रवारीच ट्रकने गेलं, हे रात्रीच्या गाडीने. मी मागे राहिले, कारण बारावीचा फॉर्म. मुक्त शाळेचा, परीक्षा एप्रिलमध्ये, केंद्र इथलंच. पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा अथर्व पोटात होता. दुसऱ्यांदा रतलामला बदली झाली. आता अथर्व पुण्यात नोकरीला आहे, आणि पुन्हा बदली. या वेळी नाही म्हटलं. माझ्याच तोंडून आलं, मलाच ऐकू आलं.

गाडी सुटताना हे म्हणाले, "लोक काय म्हणतील असं मी म्हणत नाही. तुलाच करमायचं नाही."

हे घर तिलक नगरात आहे. आठ विद्यार्थ्यांनी मिळून भाड्याने घेतलंय. वॉर्डन नाही, स्वयंपाकीण नाही. सगळी कामं पाळीने. रविवारी संध्याकाळी बैठक. राहायचं तर शिकत असलं पाहिजे. नवीन माणसाला महिनाभर बघतात, एकानेही नको म्हटलं तर घेत नाहीत. यांच्या सिग्नल खात्यातल्या मित्राची मुलगी उत्कर्षा इथे राहते, तिनेच आणलं मला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

"मालनजी!" अशी हाक आली आणि मी मागे बघितलंच नाही. दुसऱ्या कुणाला असेल वाटलं. इथे सगळ्यांना नावानेच हाक मारायची, नियम आहे. पवन म्हणून जवळच्या बस्सी गावचा मुलगा आहे, तो नियमांचा भारी पक्का. उत्कर्षा सवयीने काकू म्हणाली तर तिला दंड — सगळ्यांचे कांदे चिरायचे. रडत रडत म्हणते, "काकू, तुमच्यामुळे हे!" आणखी चार कांदे वाढले.

हे मला अगं म्हणतात. आई गेल्यापासून नावाने कुणी बोलावलं नव्हतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्रत्येकाचं एक ताट. त्यावर नाव घातलेलं, जेवला की आपलं आपण घासायचं. माझं ताट कोरं आहे. महिना झाल्यावर घेतलं तर नाव घालून आणतात.

उत्कर्षा माझी पातेली उलटीपालटी करून बघत होती. "दोन्हींवर काकांचंच नाव?"

म्हटलं, लग्नातली भांडी आहेत. घरी सगळ्यांवरच आहे.

"आणि घासलीत कुणी?"

कांदे आज तिने न सांगताच घेतले.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पौर्णिमा. पांढरी साडी नेसून पहाटे फळीवर मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. खोलीतल्या दोघी पोरी उठून गादीवरच बसून राहिल्या. एकीने विचारलं, रोज म्हणणार का? म्हटलं, हळू म्हणेन. "नाही, ऐकू येईल असं म्हणा."

संध्याकाळी गच्चीवर गेले. बिर्ला मंदिर दिवे लागल्यावर दुधात बुडवून काढल्यासारखं दिसतं. मोती डुंगरीच्या टेकडीवर चंद्र. खाली भाजीवाला ओरडत होता तेही गाण्यासारखं वाटलं. किती वेळ उभी होते कोण जाणे. भाजी मात्र घ्यायची राहिली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

फॉर्मला दहावीची सनद लागते. मूळ. दहा डिसेंबरच्या आत दाखवायची, नाहीतर प्रवेश नाही. प्रवेश नाही तर मी विद्यार्थी नाही, मग इथेही नाही. पिशव्या उलट्या केल्या. आणि आठवलं — लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली. पेटी भुसावळला.

यांना फोन केला. "बघतो."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पाच वाजता जाग येतेच. मग कणीक भिजवते, भाजी टाकते, ओटा पुसते. पोरं उठतात तेव्हा सगळं तयार. पाळी कुणाची का असेना. पोरं परीक्षेची तयारी करतात बिचारी. सगळे खूश आहेत. आता कुणी नको म्हणणार नाही असं वाटतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

बैठक झाली. पवन बोलला. हिंदीत बोलला, मी आपल्या भाषेत लिहिते.

"आठ दिवस झाले, माझी पाळी आलीच नाही. मालनजी माझ्या आधी उठून करून टाकतात. घरी आई हेच करायची, म्हणून अठराव्या वर्षापर्यंत मला चहा येत नव्हता. मी इथे पाहुणा व्हायला आलो नाही. असंच चाललं तर महिनाअखेरीला मी नको म्हणेन."

कुणी हसलं नाही. उत्कर्षा खाली बघत होती.

मी म्हटलं, मी तर मदतच केली.

"मतलब, आमचं काम घेतलंत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. त्याचंच जास्त लागलं.

अंथरुणात हिशेब केला. अठ्ठावीस वर्षं रोज स्वयंपाक. कामच केलं नाही तर मला ठेवतील कशाला, हेच मनात. पुस्तक मात्र पान अकरावर.

सोमवार, १७ नोव्हेंबर

हात मांडीखाली घेऊन बसले. खाली फोडणी जळाल्याचा वास. बसले.

दहा वाजता काय करायचं ते कळेना. गच्चीवर गेले. शेजारच्या कठड्यावर मोर येऊन बसला. शेपटी खाली सोडून, जणू त्यालाही आज पाळी नव्हती. उन्हात पुस्तक उघडलं. मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे, असं लिहिलंय, ऐपतही लागते. ते वाक्य घेऊन बराच वेळ बसले. पान सव्वीस.

रविवार, २३ नोव्हेंबर

पवनच्या पोळ्या. एक बाजू कच्ची. तव्याकडे हात धावत होता, पाठीमागे धरून ठेवला. त्याने विचारलं, "कैसी है?" म्हटलं, तोंडात जातेय. तो इतका हसला की पुढची पोळी करपली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

यांचा फोन. पेटी सापडत नाही म्हणतात. दोन खोल्यांचं क्वार्टर, पेटी खाटेखालीच ठेवली असेल. जेवलात का विचारलं. "करतो काहीतरी." दुसरं काही बोलले नाहीत. फोनवर मलाही सुचत नाही.

मग पत्र लिहिलं. सगळं लिहिलं — पाळ्या, कांदे, मोर, पवनची पोळी. पाहुणा आला तर त्यालाही एक पाळी करावी लागते तेही. शेवटी लिहिलं: सनद पाठवायची नसेल तर तसं लिहा. सापडत नाही म्हणू नका.

संध्याकाळी टपालपेटीत टाकून आले.

रविवार, ३० नोव्हेंबर

महिना भरला. इथे ताटानेच सांगतात. हो असेल तर ताट सुलटं, नको असेल तर पालथं. मी पुस्तकात बघत होते, अक्षर दिसत नव्हतं. एकेक ताट वाजलं. सात सुलटी. पवनने आपलं ताट धुतलं, पुसलं, पुन्हा पुसलं. उत्कर्षा म्हणाली, "अरे, आता काय जेवणार आहेस त्यात?"

सुलटं ठेवलं.

पण नाव घालायचं ते सनद आल्यावर. नियम नियम आहे. बरोबरच आहे त्यांचं.

गुरुवार, ४ डिसेंबर

पौर्णिमा. उपास. दुपारी गच्चीवर डोळा लागला. स्वप्नात भुसावळच्या फलाटावर मी उभी, आणि रुळांवरून ताटं वाहत येत होती, पाण्यावरून यावीत तशी. प्रत्येकावर काहीतरी कोरलेलं, पण मला दहावीच्या पुढचं वाचता येत नव्हतं. जाग आली तर गार झाले होते. अंगावर कुणीतरी शाल टाकली होती.

सोमवार, ८ डिसेंबर

टपाल नाही. गादी गुंडाळायला दोरी आहे का ते बघून ठेवलं. आहे.

मंगळवार, ९ डिसेंबर

आज आलं: रजिस्टर पाकीट एक. आत सनद, प्लास्टिकमध्ये नीट घातलेली. आणि यांचं पत्र. लग्नानंतरचं पहिलंच. इथे उतरवून ठेवते.

"मालन, सनद पहिल्याच दिवशी सापडली होती. पाठवली की तू येणार नाहीस, म्हणून ठेवली. चुकलं. इथे मी भात करतो, तळाला लागतो. परवा पातेलं घासताना त्यावर माझं नाव दिसलं. इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. नाताळात चार दिवस रजा आहे. तुमच्या घरात पाहुण्याला भाताची पाळी चालते का? उलट टपाली कळव."