उभ्याउभ्या दिलेलं चूर्ण

अप्पा, बाकावर बसल्याशिवाय तुम्ही कुणाला औषध दिलं नाहीत. अक्कलकोटच्या बाजाराला आलेला माणूस घाईत असायचा, एसटी सुटेल म्हणायचा, दवाखान्याच्या दारातूनच पुडी मागायचा. खलातला हात न थांबवता तुम्ही म्हणायचात, "आधी कुंदर्री." कानडी न येणाराही मुकाट बसायचा. मग तुम्ही त्याच्याशी पाऊसपाणी, जनावरं, लेकीचं सासर असलं काहीबाही बोलत राहायचात आणि त्याचा दम खाली बसला की मनगट हातात घ्यायचात. चालत आलेल्याची नाडी रस्त्याचं सांगते, आजाराचं नाही, असं तुमचं म्हणणं. मला तो निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा. एकदा तुम्ही जेवायला आत गेला असताना मी शेजारच्या काकूंना बरणीतलं चूर्ण काढून दिलं, तेव्हा तुम्ही उष्ट्या हातानंच बाहेर आलात. बरणीवरचं नाव वाचता आलं म्हणजे वैद्य होत नाही, म्हणालात. काकूंच्या देखत बोललात याचाच मला जास्त राग आला होता.

आता तुम्ही नाही, आणि मी सोलापुरात एका फायनान्स कंपनीच्या ऑफिसात आहे. एसी आहे, फिरत्या खुर्च्या आहेत, आणि दिवसभर बसून बसून आजारी पडलेली माणसं आहेत. कुणाची मान धरते, कुणाला झोप नाही, पित्त तर सगळ्यांनाच. पण दुखणं सांगायला कुणी बसत नाही. पाण्याच्या मशीनपाशी, लिफ्टमध्ये, हातात फाईल धरूनच विचारतात. मी बी.कॉम. झालेली, पण इथे सगळ्यांना ठाऊक आहे की मी वैद्यांची लेक. माझ्या खणात त्रिफळा आहे, सुंठ आहे, अविपत्तिकर चूर्ण आहे. टार्गेटवरून मला चारचौघांत झापणारे साहेब पोटाचं विचारताना आवाज खाली आणतात. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते मी.

माझ्या शेजारच्या टेबलावर वसुलीचं काम बघणारे एक गृहस्थ बसतात. करमाळ्याकडचे, माझ्याहून वयानं मोठे, तरी मला ताई म्हणतात. मार्चअखेरच्या धांदलीत ते जिन्यातच मला म्हणाले, "ताई, छातीत लई जळजळतंय. पित्तच आसंल की." मी खाली उतरत होते, ते वर चढत होते. कपाळावर घाम होता, पण सोलापुरात त्या दिवसांत कुणाच्या कपाळावर नसतो? मी म्हणाले पित्तच, रात्रीची जागरणं बंद करा, आणि परत वर आल्यावर खणातली बाटली त्यांना दिली. ते रोज चूर्ण घेत होते. बरं वाटतंय का विचारलं की हो म्हणायचे, मला बरं वाटावं म्हणून. पुढच्याच आठवड्यात ते सकाळी स्कूटर काढताना पार्किंगमध्ये कोसळले.

तुमच्याकडेही असाच एक आडत्या पित्ताची पुडी मागायला आला होता. तुम्ही त्याला बसवलंत, नाडी धरलीत, आणि बाकावरचे पेशंट तसेच सोडून त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलात. संध्याकाळी आई चिडली, तेव्हा म्हणालात, हे आपलं काम नव्हतं. मी तिथंच अभ्यास करत होते अप्पा, सगळं ऐकत होते.

ऑफिसातले ते गृहस्थ वाचले. पण हृदय बरंच अशक्त झालंय, पुन्हा वसुलीला फिरता येईल की नाही सांगता येत नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी उशाशी बसून त्यांनाच बोलत होत्या, दुखत होतं तर तोंड उघडायला काय झालं होतं म्हणून. ते छताकडे बघत ऐकून घेत होते. मग त्या माझा हात धरून म्हणाल्या, "तुमी तरी लक्ष ठेवता बघा. आमाला तर ह्यांनी कायच सांगितलं न्हाय." तेवढ्यात डॉक्टर आले. आधी दुसरं काही औषध चालू होतं का, छातीचं कधी कुणाला दाखवलं होतं का, असं त्यांनी विचारलं. खाटेवरून त्या गृहस्थांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. त्या गप्प राहण्यातही त्यांनी मलाच सांभाळलं. आणि "नाही, काही नाही," हे मी म्हणाले. मला कुणी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून त्या बाई नवऱ्याला दोष देतायत आणि ते तो आपल्या अंगावर घेतायत. आता त्यांना घरी सोडलंय. जुळे सोलापुरात त्यांची सोसायटी माझ्या घरापासून इतकी जवळ आहे, की एवढं लिहायला जो वेळ लागला त्यात मी जाऊन, सांगून परत आले असते. मी तुम्हाला लिहीत राहिले, कारण तुम्ही काही विचारणार नाही.