कातोडी बोलीची गरज शोधण्याबद्दल

ती. गोपीनाथमामांना कल्याणहून भाचा हरिहर याचा वाकून नमस्कार. आपला दमा या थंडीत बेताने वागत असेल अशी आशा आहे. मामींनी धाडलेली सुंठ पोचली (अर्धी, उरलेली उंदरांना पोचली).

आमच्या शाळाखात्याच्या साहेबांनी मला शीळजवळच्या कातकरीवाडीत पाठवले होते. कातकऱ्यांच्या कातोडी बोलीत मुलांचे पुस्तक छापावे की नाही, त्या लोकांना त्या बोलीची गरज आहे का, हे शोधायचे. कसे शोधायचे ते साहेबांनी सांगितले नाही. म्हणून आधी पाटलाच्या अंगणात सगळ्यांना बसवून विचारले, तर सगळे पाटलाच्या तोंडाकडे बघून "नको" म्हणाले. मग घरोघर गेलो, तर फौजदाराचा माणूस समजून वाडी रानात पळाली. (पगडी काढून गेलो, तरी पळाली.) शेवटी ते आपसांत काय बोलतात ते ऐकावे म्हणून कोळशाच्या भट्टीमागे करवंदीच्या जाळीत दडून बसलो. तिथे कुत्र्याने माझे धोतर धरले. ते सोडवायला धाकू नावाचा म्हातारा आला. मी त्याला खरे काय ते सांगितले. तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, "साहेबाला काय पायजे तसा लिव, दादा. मी बाजारात कोळसा इकतो, मराठी येते मला." मी 'गरज नाही' असे लिहून कागद ठाण्याला साहेबांकडे धाडला.

पुढच्या आठवड्यात तिथे राहिलेली छत्री आणायला गेलो, तर धाकू तापाने फणफणला होता. वैद्य विचारत होते, कुठे दुखते? त्याला मराठीचा एकही शब्द आठवेना. तो कातोडीत पुटपुटे आणि सून शेवंती त्याच्या तोंडाशी कान नेऊन आम्हाला सांगे, छाती, पाठ, पाणी. मग तिने सांगणे थांबवले. वैद्यांनी विचारले, "आता काय म्हणतो?"

"ते तुमच्यासाठी नाय," ती म्हणाली.

दिवेलागणीला तो गेला. मी ठाण्याला जाऊन कागद परत मागितला. साहेब म्हणाले, एका म्हाताऱ्याच्या तापावरून खाते चालत नाही. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही, मामा.

आपला,
हरिहर

ता. क. मामींना हे वाचून दाखवू नये. हरिहर खुशाल आहे एवढेच सांगावे. ते खोटेही नाही, कारण चोख कामाबद्दल साहेबांनी मला शाबासकी दिली असून आता ठाकरांच्या वाडीत त्यांच्या बोलीची गरज शोधायला पाठवत आहेत.

आणखी ता. क. पत्राचे खरे कारण राहिलेच. जंगलखात्यातले आपले स्नेही विश्रामपंत कातोडी जाणतात असे ऐकतो. त्यांना चार दिवस माझ्याकडे धाडता येईल का? काल शेवंती बाजारात भेटली. डोक्यावरची पाटी न उतरवता थांबली, माझ्याकडे बघून कातोडीत काहीतरी बोलली आणि निघून गेली. शिव्या असतील तर असोत, पण मला त्या कळायला हव्यात.