गाईला एकच पान

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.

कावळा आला नाही! गच्चीत उभं राहून पाय दुखले. शेवटी विश्वेश म्हणाला, "आईला किती ताटकळत ठेवणार? दे गाईला." नवरा क्वचित शहाण्यासारखं बोलतो.

कोपऱ्यावर नवसाबाई गाय घेऊन बसते. तिच्याकडून गवताची पेंढी विकत घ्यायची, गाईला घालायची — आपल्याला पुण्य, तिचं घर चालतं. मी पान नेलं — पुरणपोळ्या, खीर, वडे, वर तुपाची धार. सासूबाईंच्या बाबतीत मी हात आखडता घेत नाही. म्हणजे आता.

"लय झालं वो ताई तिचं," नवसाबाई म्हणाली. म्हटलं, एवढं एकच. पितरांच्या पानाला नाही कशी म्हणेल ती?

२२ सप्टेंबर

गाय फुगली. आडवी पडलीय, उठेना. नवसाबाई तिच्या गळ्यात हात टाकून बसलेली. बघवत नव्हतं.

गुरांच्या डॉक्टरांनी नळी घातली. "काय खाल्लं हिनं?" अख्खी कॉलनी आकाशाकडे बघायला लागली. मग समोरची उज्वला — "आमचं तर एकच पान. तेही साजूक तुपातलं." शेजारचा शेखर म्हणाला, "आमचे बाबा मुळात जेवायचेच कमी." डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांचं एकेकच. पोटही एकच."

घरी येऊन विश्वेशला विचारलं, माझ्या एका पानानं गाय मरते का? "नाही." मग कुणाच्या? "शेवटच्या."

घास उतरेना. मग आठवलं, उज्वला माझ्यानंतर गेली होती — मी खिडकीतून बघितलं होतं! दोन पोळ्या खाल्ल्या.

२४ सप्टेंबर

गाय रवंथ करतेय! देव पावला. देवीची ओटी भरून आले.

संध्याकाळी कॉलनीची मीटिंग. दोष कोणाचाच नाही, हे एकमतानं ठरलं. आमच्याकडे एकमत पहिल्यांदाच झालं. कोपऱ्यावर बोर्डही लावला — 'गाईला काहीही खायला घालू नये.' अक्षर उज्वलाचं, रंगाचा डबा मी धरला.

नवसाबाईनं विचारलं, "मग माझं गवत?" म्हटलं, अगं, तुझं गवत कोण अडवतंय? ते चालतंच की.

२६ सप्टेंबर

गाईसमोरून सगळे हात मागे बांधून जातात, लग्नात आहेर न आणलेल्या पाहुण्यांसारखे. मीसुद्धा. गाईनं मान वर केली तर उज्वला चक्क रस्ता ओलांडून गेली. हसू आवरेना.

२९ सप्टेंबर

पेंढी घ्यायची राहिली. उद्या.

१ ऑक्टोबर

कोपरा रिकामा. नवसाबाई गाय विकून भावाकडे चांदवडला गेली. बोर्ड लागल्यापासून तिची एकही पेंढी खपली नव्हती.

मला वाटलं होतं, बाकीचे घेत असतील.