खालच्या टाकीचं पाणी

कोथरूड, पुणे
११ जुलै १९९९

ती. शर्मिलाआत्यास,
कल्याणीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच्या मनाने भरतेस, त्यापेक्षा पत्रच बरं. मी ठणठणीत आहे. पाचवा महिना लागला, उलट्या थांबल्या, आता दिवसभर भूक. संजय अमेरिकेला सुखरूप पोचला. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार म्हणे. ते गोंधळू नयेत म्हणून आमच्या घरचा माणूस जानेवारीपर्यंत तिकडे. त्याचे ई-मेल वाचायला मला कर्वे रोडच्या सायबर कॅफेत जावं लागतं. त्यात माझी चौकशी दोन ओळी आणि माशांची पानभर.

हो, मासे. तुझ्या जावयाने जाण्याआधी हॉलमध्ये चांगला लांबरुंद फिश टँक आणून ठेवला आणि त्यात पाच सिल्व्हर शार्क सोडले. चांदीसारखं अंग, परांना काळी किनार, पाठीवर तिकोनी शीड. दाराची बेल वाजली की पाचही जण घाबरून काचेवर आपटतात. असले भित्रे शार्क मी पहिल्यांदाच पाहिले.

खालच्या मजल्यावरची उत्कर्षा रोज दुपारी येऊन त्यांच्यासमोर बसते. सोसायटीचे सेक्रेटरी दत्तप्रसाद काका, त्यांची ही सून. तिलाही दिवस गेलेत, माझ्यापेक्षा महिनाभर पुढे आहे. मासे बघून तिचं बाळ पोटात हलतं म्हणे. तू कॉलेजात इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंस, तेव्हा सांग, यांना जिवंत कसं ठेवायचं? संजय परत येईपर्यंत एक जरी मेला तरी मला घटस्फोट मिळेल.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी कल्याणी

नागपूर
१९ जुलै १९९९

चि. सौ. कल्याणीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझे शार्क हे शार्क नव्हेतच. रोहू-कटल्याच्या भावकीतले, नुसता थाट मोठ्यांचा. अशी माणसंही पुष्कळ असतात. ते कळपात राहणारे आहेत, एकेकटे केलेस तर झुरतील. पाण्यावर झाकण ठेव, उडी मारून फरशीवर येतात. हवेचा पंप बंद करू नकोस. खायला चिमूटभरच, उरेल इतकं कधी नाही. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि बादलीत रात्रभर उघडं ठेवलेलं नवं पाणी घालायचं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं औषध उडून जातं. सगळं पाणी एकदम बदलण्याचा हुशारपणा करू नये.

बादल्या तू उचलू नकोस. कांताबाई आहेत ना कामाला, त्यांना सांग. उत्कर्षालाही विचारलंय म्हणून सांग. दोन गर्भारशी माशांपुढे बसल्यात, हे चित्र डोळ्यांसमोर आणून मी एकटीच हसले.

जीव लावून आहे, तो असाच लावू दे.
शर्मिलाआत्या

कोथरूड, पुणे
८ ऑगस्ट १९९९

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

वाईट बातमी आधी. दोन मासे गेले. तू सांगितलंस तसंच सगळं केलं होतं. गेल्या रविवारी कांताबाईंनी रात्रभर ठेवलेलं पाणी घातलं आणि तासाभरात पाचही मासे वर येऊन तोंड उघडून हवा ओढायला लागले. पंप चालू होता. सकाळी एक उलटा तरंगत होता. आज पुन्हा पाणी बदललं, पुन्हा तेच, दुसरा गेला. उत्कर्षा रडली. मी तिची समजूत काढता काढता स्वतःच रडले.

पाणी पुन्हा का बदललं, ते ऐक. जिन्यात वास येतो आहे. कुजकट, ओला वास. तळमजल्यावर जास्त. दत्तप्रसाद काकांनी फळ्यावर नोटीस लावली की काही सभासदांनी घरात मत्स्यालय चालवून इमारतीच्या आरोग्यास बाधा आणू नये. बिल्डिंगमध्ये मासे आमच्याच घरात, तेव्हा काही सभासद म्हणजे मीच. वर भेटल्यावर म्हणाले की तुमच्याकडच्या खाण्यापिण्याची आम्हाला सवय नाही, जरा सांभाळून घ्या. मी म्हटलं, काका, हे मासे खायचे नाहीत, बघायचे आहेत. ते हसले नाहीत. म्हणून मी रोज फिश टँकच्या काचा पुसते आहे आणि आज पाणीही बदललं. नाक लावून पाहिलं, आमच्या पाण्याला वास नाही. निदान जुन्या पाण्याला नसतो. नवं पाणी घातलं की मात्र काहीतरी उग्र येतं, दवाखान्याच्या फरशीसारखं.

काय करू ते लवकर कळव. मला रागावलीस तरी चालेल, गप्प राहू नकोस.
तुझी कल्याणी

नागपूर
१४ ऑगस्ट १९९९

चि. कल्याणीस,
आशीर्वाद.

रागावण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. आता नीट वाच.

जुन्या पाण्यात मासे बरे असतात आणि नवं घातलं की तडफडतात, तर दोष फिश टँकचा नाही, नव्या पाण्याचा आहे. दवाखान्यासारखा वास म्हणजे ब्लीचिंग पावडर. कुणीतरी तुमच्या खालच्या टाकीत ती भरमसाट टाकतंय. वास मारायलाच टाकत असणार. मग तो मूळचा वास कशाचा? पावसाळा आहे. सांडपाण्याची लाईन फुटली असेल आणि टाकीच्या भिंतीतून आत झिरपत असेल, तर हे सगळं जुळतं. घाण आणि औषध एकत्र झालं की ते रात्रभर उघडं ठेवूनही उडत नाही आणि माशांचे कल्ले जाळतं.

माशांचं पाणी आता बदलू नकोस. आणि ते राहू दे बाजूला. तू आज, हे पत्र वाचून झाल्यावर लगेच, पिण्याचं पाणी उकळायला ठेव. नुसतं कोमट नव्हे, खळखळ उकळू दे. गाळणीच्या फिल्टरवर विसंबू नकोस. दात घासायलाही तेच घे. उत्कर्षाला सांग. सेक्रेटरींना सांग, टाकी रिकामी करून भिंत तपासा म्हणावं. माझं नाव आणि माझी डिग्री सांगायची असेल तर सांग, तेवढ्यापुरता तिचा उपयोग होऊ दे.

तुझी काळजी वाहणारी,
शर्मिलाआत्या

कोथरूड, पुणे
२९ ऑगस्ट १९९९

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळाल्यापासून पाणी उकळूनच पिते. दुसऱ्याच दिवशी दत्तप्रसाद काकांकडे गेले होते. त्यांनी बसा म्हटलं नाही, म्हणून उभ्यानेच सगळं सांगितलं. ब्लीचिंग पावडर आपण स्वतः टाकतो, हे त्यांनी अभिमानाने कबूल केलं. टाकी फोडून तपासायची तर आठवडाभर टँकर मागवावे लागतील, सणाच्या तोंडावर सभासद काय म्हणतील, असं म्हणाले. शेवटी म्हणाले, मासे मेले म्हणून इमारत खणायची, हा नागपुरी न्याय असेल, पुण्यात तशी पद्धत नाही. तुझी डिग्री सांगितली, तर त्यांनी ती अगदी आदराने ऐकली आणि दार लावून घेतलं.

उत्कर्षाने मात्र ऐकलं. त्यांच्याकडे पाणी उकळायला सासरे तयार नाहीत, गॅस जळतो आणि उकळलं म्हणजे पाणी वाईट असल्याचं मान्य केल्यासारखं होतं. म्हणून ती दुपारी माझ्याकडून उकळलेलं पाणी बाटलीत भरून नेत होती. चार-पाच दिवसच नेलं असेल. काकांनी बाटली पाहिली. कुठून आणली ते विचारलं. मग त्यांनी ती मोरीत ओतली आणि सांगितलं की आमच्या घरात बाहेरच्यांचं पाणी पीत नाहीत. हे तिने मला खाली मान घालून सांगितलं. बाटली परत द्यायला आली होती, आतून घासून. त्यानंतर ती वर आलेली नाही.

मला झोप लागत नाही ती रागाने नाही. उत्कर्षा पाणी कुठलं पीत असेल, या काळजीने लागत नाही. आणखी एक मासा गेला. दोन राहिलेत.

तुझीच,
कल्याणी

नागपूर
४ सप्टेंबर १९९९

चि. कल्याणीस,
आशीर्वाद.

पाणी ओतलेलं कळलं. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पाण्यावरून असलं आपल्या चार पिढ्यांनी पाहिलंय, तू पाचवी.

तू खडकीला सासऱ्यांकडे जा. सण झाल्यावर नव्हे, याच आठवड्यात. मासे पिशवीत घालून ने. जाण्याआधी उत्कर्षाच्या नवऱ्याला एकट्याला गाठ आणि तिला माहेरी पाठवा म्हणून सांग. सासऱ्यांसमोर नको. आणि रोज सकाळी उन्हात उभी राहून आरशात डोळे बघत जा. पांढरा भाग पांढराच आहे ना, एवढंच. का, ते विचारू नकोस, म्हाताऱ्या मास्तरणीचा हट्ट समज.

ऐकशील या भरवशावर,
शर्मिलाआत्या

नागपूर
४ सप्टेंबर १९९९

मा. सुखदेवराव यांस,
सप्रेम जयभीम.

व्याही म्हणून नव्हे, बहिणीसारखी लिहिते आहे. हे पत्र कल्याणीला दाखवू नये. तिने घाण मिसळलेलं पाणी काही आठवडे प्यायलं आहे. त्यातून होणारी कावीळ लगेच दिसत नाही, महिना-दोन महिने अंगात लपून असते. इतरांना ती होते आणि बरी होते. पोटुशी बाई असेल, आणि दिवस भरत आले असतील, तर ती होत्याचं नव्हतं करते. आमच्या कॉलेजच्या वसाहतीत एका पावसाळ्यात अशा दोघी गेल्या. सांगून काही उपाय नाही, कारण यावर औषध नाही. फक्त वाट बघायची आहे. ती आपण दोघांनी बघू, तिला बघायला लावू नये. मळमळ, ताप, लघवी पिवळी, यातलं काही दिसलं तर तत्काळ मोठ्या दवाखान्यात न्यावं.

आपला आधार गृहीत धरते.
शर्मिला

खडकी, पुणे
२३ सप्टेंबर १९९९

मा. शर्मिलाताईंस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सूनबाई इथे आल्यापासून प्रकृती चांगली आहे. मी फॅक्टरीत दारूगोळ्याच्या शेजारी उभं आयुष्य काढलं, पण रोज सकाळी त्यांचे डोळे तपासताना वाटते तशी भीती तिथे कधी वाटली नाही. माझा चष्मा स्वच्छ पुसला गेला का बघा, या निमित्ताने त्यांना उजेडात उभं करतो. त्यांना संशय आलाय असं वाटतं, पण त्या विचारत नाहीत.

आता जे कळवायचं ते कळवतो. कोथरूडच्या इमारतीत कावीळ निघाली. आधी तळमजल्यावरचे दोघे, मग वरच्या घरातली मुलं. काल कांताबाई येऊन सांगून गेल्या की उत्कर्षाला दवाखान्यात हलवलंय. सूनबाईंनी निघताना तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं. तो बरं म्हणाला आणि वडिलांना विचारायला गेला. कांताबाई म्हणतात, पोरगी अंगभर हळद लावल्यासारखी दिसते आणि माणसं ओळखत नाही. हे सूनबाईंनी ऐकलं. त्या आतल्या खोलीत गेल्या, आरसा घेऊन खिडकीशी बसल्या. मला म्हणाल्या, बाबा, आता मला सांगितलंत तरी चालेल. मी सांगितलं. आपली आज्ञा मोडली, क्षमा असावी.

आपला,
सुखदेव

खडकी, पुणे
६ ऑक्टोबर १९९९

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

उत्कर्षा गेली. बाळ आधी गेलं, मग ती. मी दवाखान्यात जाऊ नये असं सगळ्यांनी ठरवलं होतं, म्हणून मी शेवटचं काहीच पाहिलं नाही. जे डोळ्यांसमोर येतं ते सगळं मनानेच रंगवलेलं आहे, आणि ते खऱ्यापेक्षा बरं नसावं.

महापालिकेची माणसं आली, टाकी उपसली. कांताबाई तिथे उभ्या होत्या. चेंबरकडून येणारी लाईन टाकीच्या भिंतीला लागूनच फुटलेली होती. भिंतीला हात जाईल एवढी भेग होती आणि तिच्यातून काळं पाणी आत येत होतं. दत्तप्रसाद काका कठड्याशी उभे होते. कुणीतरी त्यांना घरात जा म्हटलं, ते गेले नाहीत.

तुझ्यावर मी चिडले होते, लपवलंस म्हणून. आता नाही चिडत. ते पंधरा-वीस दिवस मी निर्धास्त होते, ते तू मला दिलेस. आता मात्र प्रत्येक सकाळ मोजते आहे. बाळ लाथ मारतं तेव्हा मी त्याला थांब म्हणते, आधी डोळे बघू दे.

इथून पुढे मला काही लपवू नकोस, एवढं मागणं आहे.
कल्याणी

कोथरूड, पुणे
३० जानेवारी २०००

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू बारशाला आलीस, पोरीला मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हतीस, आणि गेल्यापासून घर ओकं झालंय. ती छान आहे. संजय परत आला. कॉम्प्युटर गोंधळले नाहीत. मुक्काम खडकीतून हलवायचा की हा फ्लॅट विकायचा, यावर आमचं बरंच झालं. संजय विकू म्हणत होता. मी नाही म्हटलं. विकत घेणारीच्या पोटात काय असेल, मला काय माहीत? शेवटी आम्ही इथेच परत आलो.

मागच्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. दत्तप्रसाद काकांनी राजीनामा दिला. ते फार वाळलेत. पुढे कुणी तयार होईना, तेव्हा त्यांनीच माझं नाव सुचवलं, उभं राहून, सगळ्यांसमोर. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, नको पण कुणी म्हणालं नाही. जाताना त्यांनी टाकीच्या झाकणाची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी ती मुठीत धरून वर आले. बोलण्यासारखं जे होतं ते ऐकायला उत्कर्षा नव्हती.

भिंत नवी बांधली, लाईन दुसरीकडून नेली. तरी रोज सकाळी मी खाली जाते, झाकण उघडते, वाकून वास घेते आणि मगच पंप सुरू करायला सांगते. खिडक्या-खिडक्यांतून बायका रिकाम्या कळश्या घेऊन माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी मान हलवली की आत जातात. त्यांना वाटतं, हिला कळतं. आत्या, मला काहीच कळत नाही. पाण्याला वास नसतो, रंग नसतो. पाण्यातल्या काविळीलाही नसतो. मी मान हलवते आणि वर येऊन आमचं पाणी उकळायला ठेवते.

पोरीला आजीची, आणि मला तुझी, गरज संपलेली नाही हे ध्यानात असू दे.
तुझी कल्याणी